एका शॉटची दुरुस्ती : लॉन्झो बॉलच्या आकड्यांवरील प्रकल्पाच्या नोंदी

२० एप्रिल २०२५

आज प्रकल्पाला हात घातला. पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवताना नमुन्याच्या आकाराचे प्रकरण आले की नाणेफेक आणि फाशांची उदाहरणे मुलांच्या डोक्यावरून जातात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. म्हणून या सुट्टीत एका खऱ्या खेळाडूच्या खऱ्या आकड्यांवर बेतलेला उदाहरणसंच तयार करायचे ठरवले. बास्केटबॉल हा माझा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे आणि प्रश्नही त्याच खेळाने हातात दिला. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम संपला की खेळाडूंच्या सरावाच्या छोट्या चित्रफिती फिरू लागतात. रिकाम्या सभागृहात एखादा गार्ड (बाहेरच्या बाजूने चेंडू खेळवणारा खेळाडू) ओळीने दहा शॉट टाकतो, दहाही जाळीत जातात, आणि चाहते यंदा याचा शॉट सुधारला म्हणून खूश होतात. पुढच्या हंगामात तो पंधरा सामने चांगला खेळला तर खात्री पटते आणि वाईट खेळला तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. सुधारणा खरी की योगायोगाची, हे किती शॉटनंतर आणि नेमक्या कोणत्या आकड्यावरून सांगता येते, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे.

खेळाडू म्हणून एनबीएतला गार्ड लॉन्झो बॉल याची निवड केली. त्याच्याइतका डोळ्यांना दिसेल असा बदललेला शॉट गेल्या दहा वर्षांत क्वचितच कोणाचा असेल.

२७ एप्रिल २०२५

पार्श्वभूमीची नोंद आज लिहून काढली. २०१७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या कार्यक्रमात, लॉस एंजेलिस लेकर्सने बॉलला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. संघाचा तारा कोबी ब्रायंट आदल्याच वर्षी निवृत्त झालेला होता, संघाने आधीच्या हंगामात ८२ पैकी फक्त २६ सामने जिंकले होते, आणि संघाचा कारभार तेव्हा लेकर्सचेच जुने थोर खेळाडू मॅजिक जॉन्सन यांच्याकडे होता. बॉलची ओळख करून देण्याच्या कार्यक्रमात जॉन्सन यांनी भिंतीवर टांगलेल्या थोर खेळाडूंच्या जर्सींकडे बोट दाखवून, याचीही जर्सी एक दिवस तिथे दिसावी, अशी अपेक्षा उघडपणे बोलून दाखवली. एकोणीस वर्षांच्या मुलाने अजून एकही सामना खेळलेला नव्हता. मुलाविषयी वडिलांनी केलेल्या मोठमोठ्या विधानांची त्यात भर पडली होती. अपेक्षांचे ओझे कोणत्या पट्टीने मोजायचे ते मला ठाऊक नाही, परंतु उदाहरणसंचाच्या प्रस्तावनेत हा प्रसंग घ्यायचाच, कारण पुढचा प्रत्येक आकडा लोकांनी या प्रसंगाच्या उजेडात वाचला.

युसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एकमेव हंगामात त्याने तीन गुणांच्या ओळीबाहेरून ४१.२ टक्के नेम साधला होता. त्या वेळी महाविद्यालयीन स्पर्धेतली ओळ ६.३२ मीटरवर होती, तर एनबीएची कोपरे सोडून ७.२४ मीटरवर आहे. त्याच हंगामातला फ्री थ्रोचा (फाउलनंतर ठरलेल्या रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) आकडा मात्र ६७.३ टक्के, म्हणजे चांगल्या नेमबाजाला न शोभणारा होता, आणि त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. हा आकडा वहीत लाल पेनाने लिहून ठेवला आहे.

४ मे २०२५

बॉलच्या शॉटची जुनी आणि नवी पद्धत आज शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळा पाहिली. तो उजव्या हाताचा आहे. लेकर्सकडे असताना तो चेंडू कमरेजवळून उचलून कपाळाच्या डाव्या बाजूला नेत असे आणि तिथून उजव्या हाताने रिंगकडे लोटत असे. चेंडू चेहऱ्यावरून आडवा जाई आणि कोपर रिंगच्या रेषेत न राहता आत वळे. डावीकडे मागे सरकून टाकलेला शॉट त्याला जमत असे, कारण त्या हालचालीत चेंडू आधीच डाव्या बाजूला असतो. पण उजवीकडे धावत जाऊन अचानक थांबून शॉट टाकणे त्याला जवळपास अशक्य होते. बचाव करणाऱ्यांनी हे लवकर ओळखले आणि त्याला उजवीकडे ढकलायला सुरुवात केली.

जुलै २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसच्या बदल्यात तो न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सकडे गेला. तिथले सहाय्यक प्रशिक्षक फ्रेड विन्सन हे नेमबाजी दुरुस्त करण्यासाठी ओळखले जात. त्यांच्या हाताखाली चेंडू उजव्या बाजूला आला, कोपर चेंडूच्या खाली आले आणि सगळी हालचाल एका उभ्या रेषेत बसली. जानेवारी २०१९ मध्ये डावा घोटा दुखावल्यामुळे बॉलचा लेकर्ससाठीचा हंगाम अर्ध्यातच संपला होता. त्यामुळे सामन्यांपासून लांब राहण्याचा त्याचा काळ इतरांच्या हंगामानंतरच्या उन्हाळी सुट्टीपेक्षा बराच मोठा होता, हेही नोंदवले पाहिजे. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय बदलायला रिकामे महिने लागतात, आणि ते त्याला दुखापतीमुळे मिळाले.

११ मे २०२५

भूमितीचे पान पूर्ण केले. रिंगचा व्यास ४५.७ सेंटिमीटर असतो आणि चेंडूचा साधारण २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण वर्तुळ मिळते, पण तो तिरपा येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने रिंग चपटी होते. ४५ अंशांनी येणाऱ्या चेंडूला सुमारे ३२ सेंटिमीटरची वाट मिळते, तर ३५ अंशांनी येणाऱ्याला जेमतेम २६ची, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोनच सेंटिमीटरची मोकळीक उरते. डावी-उजवीकडची चूक मात्र उंच कमानीने भरून निघत नाही. कोपर रेषेत असण्याचे महत्त्व त्यामुळेच आहे. मुलांना हे आकृतीशिवाय पटणार नाही, म्हणून दोन आकृत्या काढायच्या आहेत.

१८ मे २०२५

गेले तीन दिवस सकाळी भाचीबरोबर कोर्टवर जात आहे. ती तिच्या महाविद्यालयाच्या संघात गार्ड आहे आणि दिवाळीपासून तिच्या प्रशिक्षकांनी तिचा शॉट बदलायला घेतला आहे. तिचा दोष निराळा आहे. आधाराला ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा शेवटच्या क्षणी चेंडूला ढकलतो. हा दोष तिच्या हाताकडे बघून मला कळत नव्हता, पण चेंडूवरच्या काळ्या रेघांकडे बघितल्यावर कळला. शॉट स्वच्छ सुटला की रेघा सरळ मागच्या मागे फिरतात, आणि अंगठा लागला की त्या तिरप्या होऊन लडखडतात.

रोज शंभर फ्री थ्रो, मोजणारा मी. पहिल्या दिवशी ६१, दुसऱ्या दिवशी ७०, आज ५८. सत्तरच्या दिवशी तिचा आनंद गगनात मावत नव्हता आणि आज घरी परतताना ती रस्ताभर गप्प होती. "मामा, काल जमलं होतं, मग आज काय बिघडलं?" असे तिने विचारले तेव्हा मी वही काढून दाखवली. ज्याची खरी क्षमता ६३ टक्के आहे, त्याच्या शंभर फ्री थ्रोंचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, जवळजवळ पाच येते. म्हणजे ५८ आणि ६८ यांच्यामध्ये कुठेही आकडा आला तर काहीही घडले नाही असेच समजायचे, आणि सत्तरसुद्धा त्या पट्ट्याच्या किंचित बाहेर म्हणजे अगदी नेहमीचीच गोष्ट आहे. तिला ते पटले की नाही, सांगता येत नाही. माझा मात्र उदाहरणसंचातला पहिला प्रश्न तयार झाला.

२५ मे २०२५

पाऊस यंदा मे महिन्यातच आला आणि सिमेंटचे कोर्ट निसरडे झाले, त्यामुळे दिवस टेबलापाशीच गेला. बॉलचे आकडे मांडले. लेकर्सकडचे त्याचे पहिले दोन हंगाम असे आहेत : २०१७-१८ मध्ये ५२ सामन्यांत दर सामन्याला ५.७ थ्री पॉइंटर (तीन गुणांच्या ओळीबाहेरचे शॉट) टाकून ३०.५ टक्के, आणि २०१८-१९ मध्ये ४७ सामन्यांत ४.९ टाकून ३२.९ टक्के. न्यू ऑर्लीन्समधले पुढचे दोन : २०१९-२० मध्ये ६३ सामन्यांत ६.३ टाकून ३७.५ टक्के, आणि २०२०-२१ मध्ये ५५ सामन्यांत ८.३ टाकून ३७.८ टक्के.

पहिल्या दोन हंगामांमधल्या वाढीची तेव्हा थोडी चर्चा झाली होती, पण त्या २.४ टक्क्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहज पडणारा फरक, चारच्या आसपास आहे, म्हणजे हा फरक गोंगाटात बुडून जातो. त्याहून मोठा धक्का पुढच्या तुलनेने दिला. ३२.९ वरून ३७.५ ही उडी सगळ्यांनी शॉट बदलल्याचा पुरावा मानली, परंतु एक हंगाम विरुद्ध एक हंगाम एवढेच बघितले तर ४.६ टक्क्यांचा हा फरकही प्रमाण त्रुटीच्या सव्वापटीच्याच आत राहतो. केवळ एवढ्यावर कोणी सुधारणा सिद्ध झाली म्हणाला असता तर मी ती मान्य केली नसती. लेकर्सचे दोन्ही हंगाम एकत्र केले (साधारण ५२५ शॉट, ३१.६ टक्के) आणि न्यू ऑर्लीन्सचे दोन्ही एकत्र केले (साधारण ८५० शॉट, ३७.७ टक्के), तेव्हा कुठे फरक प्रमाण त्रुटीच्या सव्वादोन पटींपुढे जातो आणि नुसत्या योगायोगाची शक्यता पन्नासात एकावर येते. चार हंगाम आणि तेराशेहून अधिक शॉट खर्ची पडल्यावरचे हे उत्तर आहे, आणि चाहत्यांना ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, हवे असते.

१ जून २०२५

आजची नोंद या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची आहे असे मला वाटते.

थ्री पॉइंटरच्या टक्केवारीत नेमबाजाशिवाय अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. बचाव करणारा किती जवळ होता, पास कसा मिळाला, शॉट धावताना घेतला की उभ्याने, कोपऱ्यातून की मधून, हे सगळे त्यात येते. न्यू ऑर्लीन्समध्ये बॉलच्या शेजारी झायन विल्यमसन खेळत होता. तो रिंगकडे घुसला की बचावफळी त्याच्याकडे धावत असे आणि बाहेर बॉलला मोकळा शॉट मिळत असे. तेव्हा टक्केवारीतली किती वाढ शॉटमुळे आणि किती मोकळ्या जागेमुळे, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

फ्री थ्रोमध्ये यातले काहीही नसते. अंतर ठरलेले ४.५७ मीटर, समोर कोणी नाही, पास नाही, घाई नाही. खेळाडूचा हात आणि त्याचे मन एवढेच उरते. आता बॉलचे फ्री थ्रोचे आकडे पाहा : ४५.१, ४१.७, ५६.६, ७८.१. लीगची सरासरी सुमारे ७७ असताना एक गार्ड ४१.७ वर होता आणि दोन वर्षांनी तो सरासरीच्या पुढे गेला. तो फारसा फ्री थ्रोच्या ओळीवर जातच नाही, हंगामात साधारण पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान त्याचे फ्री थ्रो होतात, आणि तरीही लेकर्सची दोन वर्षे व २०२०-२१ यांमधला ३४ टक्क्यांचा फरक प्रमाण त्रुटीच्या पाच पट येतो. तेराशे थ्री पॉइंटर जे अडखळत सांगतात ते दोनशेहून कमी फ्री थ्रो निःसंदिग्धपणे सांगतात. नमुना लहान असला तरी त्यात भेसळ नसेल आणि बदल मोठा असेल तर उत्तर मिळते, हे नमुन्याच्या आकाराच्या प्रकरणात मी आजवर नीट शिकवलेलेच नव्हते.

एक गोष्ट माझ्या अंदाजाच्या उलट निघाली. आधी फ्री थ्रो सुधारतील आणि मग थ्री पॉइंटर, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पहिल्या उन्हाळ्यानंतर थ्री पॉइंटर वर गेले आणि फ्री थ्रो अर्ध्या वाटेवर, ५६.६ वरच राहिले. पूर्ण बदल दिसायला दुसरा हंगाम उजाडावा लागला. मध्ये २०२०च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे ऑरलँडोच्या बंदिस्त संकुलात उरलेले सामने झाले, तिथे त्याची नेमबाजी पार ढासळली होती, आणि जुना बॉल परत आला असा निष्कर्ष अनेकांनी काढला. आठच सामन्यांचा तो टप्पा होता.

८ जून २०२५

एका शंकेने दोन दिवस काम थांबले होते. मी बॉलला निवडले कारण तो सुधारला हे मला आधीच माहीत होते. ज्यांचे उन्हाळे वाया गेले ते माझ्या यादीत आलेच नाहीत. हा निवडीचा दोष झाकून उदाहरणसंच मुलांच्या हाती देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून दुसरे प्रकरण जोडले आहे : बेन सिमन्स.

२०१६च्या ड्राफ्टमधला हा पहिला खेळाडू. फिलाडेल्फियाकडून पहिल्या दोन हंगामांत त्याने तीन गुणांच्या ओळीबाहेरून १७ प्रयत्न केले आणि एकही जाळीत गेला नाही. २०१९च्या उन्हाळ्यात तो बाहेरून शॉट टाकत असल्याच्या चित्रफिती आल्या. ऑक्टोबरमधल्या चीनच्या ग्वांगझू संघाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याचा एक थ्री पॉइंटर जाळीत गेला तेव्हा प्रेक्षागृह असे उसळले की जणू अजिंक्यपदच मिळाले. नियमित हंगामातला त्याचा पहिला यशस्वी थ्री पॉइंटर २० नोव्हेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध आला. डिसेंबरमध्ये त्याने दुसरा साधला त्या रात्री प्रशिक्षक ब्रेट ब्राउन यांनी त्याने दर सामन्यात किमान एक तरी प्रयत्न करावा असे जाहीरपणे सांगितले. हंगामअखेर हिशेब झाला ७ प्रयत्न, २ यशस्वी. पुढच्या हंगामात १० प्रयत्न, ३ यशस्वी.

आणि फ्री थ्रो : ५६.०, ६०.०, ६२.१, ६१.३. चार वर्षे जवळपास सपाट रेषा. ज्या काळात फिलाडेल्फियाचे चाहते एकेका चित्रफितीवर आशा बांधत होते, त्या काळात हा आकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. २०२१च्या बाद फेरीत तो ३४.२ टक्क्यांवर आला, ७३ पैकी २५. अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात रिंगखाली मोकळी संधी असताना त्याने चेंडू दुसऱ्याकडे दिला, आणि फ्री थ्रोवर पाठवले जाण्याची भीती त्यामागे होती असे बहुतेकांना वाटले. त्याच्यावर त्यानंतर जी आग पाखडली गेली ती मला आजही अन्यायाची वाटते. त्याच्याकडून जे मागितले जात होते ते आकड्यांत कधीच दिसत नव्हते. अपेक्षा त्याने निर्माण केलेली नव्हती, ती लोकांनी मोकळ्या सभागृहातल्या दहा शॉटवरून उभी केली होती.

या प्रकरणातून मोजायची आणखी एक गोष्ट हाती आली, प्रयत्नांची संख्या. बॉलचे प्रयत्न ४.९ वरून ६.३ आणि ८.३ वर गेले, सिमन्सचे हलले नाहीत. ज्या खेळाडूचा स्वतःच्या शॉटवर विश्वास बसतो तो अधिक शॉट टाकतो, आणि हा आकडा टक्केवारीपेक्षा कितीतरी लवकर स्थिरावतो. वीस सामन्यांत तो कळतो.

१५ जून २०२५

तुलनेसाठी दोन छोटी प्रकरणे जोडली. कवाय लेनर्डने महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षी २९.१ टक्के नेम साधला होता, आणि सॅन अँटोनियोमध्ये नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलंड यांच्या हाताखाली आल्यावर एनबीएच्या पहिल्याच हंगामात, लांबच्या ओळीवरून, ३७.६ टक्के. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून ३१ प्रयत्नांत ३ थ्री पॉइंटर साधले आणि २०१६-१७ या एका हंगामात ३८७ पैकी १३४. लोपेझचे फ्री थ्रो सुरुवातीपासूनच चांगले होते, म्हणजे हात तयार होता, फक्त परवानगी नव्हती. त्याचे प्रकरण दुरुस्तीचे नव्हेच, हे तक्त्यात स्पष्ट लिहिले आहे.

२९ जून २०२५

आकडे जुने म्हणून बंद केलेली फाईल बातमीने उघडायला लावली. शिकागो बुल्सने बॉलला क्लीव्हलंडकडे पाठवले आणि बदल्यात आयझॅक ओकोरोला घेतले. क्लीव्हलंडने गेल्या हंगामात ६४ सामने जिंकले आहेत, त्यामुळे अपेक्षांचा पारा पुन्हा चढणार हे उघड आहे.

शिकागोचा अध्याय तक्त्यात जोडला. २०२१-२२ मध्ये ३५ सामन्यांत दर सामन्याला ७.४ प्रयत्न, ४२.३ टक्के, फ्री थ्रो ७५. हा त्याच्या नेमबाजीचा कळस, आणि १४ जानेवारी २०२२ रोजी तिथेच सगळे थांबले. डाव्या गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, मार्च २०२३ मध्ये दात्याकडून मिळालेल्या कूर्चेचे प्रत्यारोपण करावे लागले, दोन पूर्ण हंगाम गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो परतला तेव्हा मधे हजारहून अधिक दिवस लोटले होते. परतल्यानंतरच्या ३५ सामन्यांत त्याची बाहेरची टक्केवारी ३४च्या आसपास राहिली. शॉट हरवला, असे आता म्हटले जाईल. पण शॉट पायांतून वर येतो, आणि ज्याला साध्या जिन्यावरही वेदना होत होत्या त्याच्या ३५ सामन्यांच्या आकड्यांवरून त्याच्या हाताविषयी निकाल द्यायला मी धजणार नाही. चित्रफितीत मला एकच गोष्ट शोधायची होती आणि ती सापडली. चेंडू अजूनही उजव्या बाजूनेच वर जातो.

६ जुलै २०२५

पावसाची उघडीप मिळाली म्हणून सकाळी कोर्टवर गेलो. भाचीचे गेल्या सात आठवड्यांचे फ्री थ्रो एकत्र केले तर १,९०० पैकी १,२३५ होतात, म्हणजे ६५ टक्के. आरंभीच्या तीन दिवसांच्या ६३ पेक्षा हा फरक अजून काही सांगत नाही, हे तिने माझ्याआधी स्वतःच हिशेब करून सांगितले. रेघा मात्र आता दहापैकी आठ वेळा सरळ फिरतात. ते मोजण्यासाठी आजपासून वहीत वेगळा रकाना आखला आहे.

उदाहरणसंचाचा मसुदा पूर्ण झाला. बॉलच्या तक्त्यात २०२५-२६ची ओळ रिकामी ठेवली आहे. पहिल्या वीस सामन्यांनंतर विद्यार्थ्यांनी तिथे दर सामन्यातले प्रयत्न आणि फ्री थ्रो हे दोनच आकडे भरायचे आहेत. थ्री पॉइंटरच्या टक्केवारीची चौकट हंगाम संपेपर्यंत उघडायची नाही, अशी सूचना तिच्याखाली छापली आहे.